सागरतळीचे पहिले रंगीत छायाचित्र

सुट्टी म्हटली की विश्रांती, असे आपण सहज म्हणतो. परंतु काही माणसांना कष्टांतच विश्रांती लाभते. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी गाउचर कॉलेजात विल्यम हार्डिंग लाँगले नावाचे जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. वर्षभर ते आपल्या विद्यार्थिनींना शिकवीत. आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली, की दक्षिणेकडील उष्ण समुद्रातल्या एका एकाकी बेटाची वाट धरीत. तेथे डोक्यावर धातूचे जड शिरस्त्राण चढवून ते समुद्राच्या तळाशी उतरत आणि तासचे तास माशांच्या संगतीत घालवीत. असे त्यांनी एक-दोन नव्हे, पुष्कळ उन्हाळे काढले. त्यांच्या या विलक्षण सुट्ट्यांचे एक फळ म्हणून १९२६ साली सागरतळीचे पहिले रंगीत छायाचित्र जन्माला आले. एक चित्र मिळविण्यासाठी केवढे कष्ट, केवढी कल्पकता आणि केवढे धैर्य लागते, हे या हकीकतीवरून कळून येते.

ज्या ठिकाणी हे घडले, ते ठिकाणही मोठे नवलाचे आहे. अमेरिकेच्या आग्नेय टोकाला फ्लोरिडा नावाचे द्वीपकल्प आहे. त्याच्या दक्षिणेस लहान लहान बेटांची एक माळ समुद्रात पसरलेली आहे. या माळेतील की वेस्ट या बेटापासून पश्चिमेकडे सुमारे ७० मैल गेले, म्हणजे पाण्यात विखुरलेली काही चिमुकली बेटे दिसतात. इ. स. १५१३ मध्ये पाँस दे लेओन हा स्पॅनिश दर्यावर्दी तेथे पोहोचला. बेटांभोवती समुद्रकासवांची दाटी पाहून त्याने त्यांना ‘टोर्टुगास’, म्हणजे ‘कासवे’, असे नाव दिले. पुढे खलाशांच्या ध्यानात आले, की या बेटांवर पिण्याच्या पाण्याचा एक थेंबही मिळत नाही. वाटेने येणाऱ्या जहाजांना सावध करण्यासाठी त्या नावामागे ‘ड्राय’, म्हणजे ‘कोरडी’, हा शब्द जोडला गेला. आजही ही बेटे ‘ड्राय टोर्टुगास’ याच नावाने ओळखली जातात.

यांपैकी एका बेटावर अमेरिकन सरकारने इ. स. १८४६ मध्ये फोर्ट जेफर्सन नावाचा प्रचंड षट्‌कोनी किल्ला बांधावयास घेतला. त्यासाठी १ कोटी ६० लाखांहून अधिक विटा लागल्या. तथापि तो किल्ला कधीच पुरा झाला नाही. समुद्रातील किल्ला म्हटल्यावर आपणांस मालवणच्या सिंधुदुर्गाची आठवण होणे साहजिक आहे. शिवाजी महाराजांनी इ. स. १६६४ मध्ये त्याचे बांधकाम सुरू केले. चोहोकडे खारे पाणी असूनही त्याच्या पोटात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. टोर्टुगासवर असे भाग्य नाही. तेथे राहणाऱ्याने एक तर पावसाचे पाणी साठवावे, नाही तर दुरून आणलेले पाणी जपून वापरावे.

अशा या बेटांपैकी लॉगरहेड की या बेटावर एक उंच दीपस्तंभ आहे. त्याच्याजवळ कार्नेगी इन्स्टिट्यूशन या संस्थेने इ. स. १९०४ मध्ये सागरी जीवांच्या अभ्यासासाठी एक प्रयोगशाळा स्थापन केली. बेट लहान, वस्ती जवळजवळ नाही, वादळांचे भय मोठे. मग प्रयोगशाळेसाठी हीच जागा का निवडली? याचे उत्तर पाण्याखाली होते. ही बेटे कर्कवृत्ताच्या किंचित उत्तरेस असली, तरी उष्ण सागरप्रवाहामुळे तेथील पाणी ऊबदार राहते, आणि ते काचेसारखे स्वच्छ असते. अशा पाण्यात पोवळी वाढतात. पोवळे म्हणजे दगड नव्हे, आणि झाडही नव्हे. ते असंख्य सूक्ष्म प्राण्यांचे घर होय. हे प्राणी आपल्या शरीराभोवती चुनखडीचे कवच तयार करतात. पिढ्यान्‌पिढ्यांची कवचे एकमेकांवर साचून पाण्याखाली मोठमोठे प्रवाळखडक उभे राहतात. त्यांच्या कपारींत शेकडो जातींचे मासे, खेकडे आणि शंखशिंपले आश्रय घेतात. अरण्यात वृक्षांचे जे महत्त्व, तेच उष्ण समुद्रात पोवळ्यांचे.

लाँगले यांच्या मनात एक प्रश्न घोळत होता. प्रवाळखडकातले मासे इतके रंगीबेरंगी का असतात? कोणी हळदीसारखा पिवळा, कोणी मोरपिशी निळा, तर कोणाच्या अंगावर काळे-पांढरे पट्टे. शत्रूच्या नजरेस सहज पडावे, असा भडक पोशाख या माशांनी का केला असावा? काही शास्त्रज्ञांचे म्हणणे असे, की कपारीत चटकन दडता येत असल्यामुळे या माशांना रंग लपविण्याची गरजच उरत नाही. लाँगले यांना हे उत्तर पटेना. होडीतून वाकून पाहणाऱ्याला किंवा बाजारात मेलेला मासा हाताळणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर सापडणार नाही, असे त्यांना वाटे. मासा जेथे राहतो, तेथेच जाऊन, त्याच्या पातळीवर उभे राहून त्यास पाहिले पाहिजे, असा त्यांनी निश्चय केला.

पाण्याखाली श्वास कसा घ्यावयाचा? त्या काळी आजच्यासारखी पाठीवर बांधावयाची हवेची नळकांडी प्रचारात नव्हती. पाणबुड्या खांद्यांपर्यंत येणारे धातूचे शिरस्त्राण घाली. त्याच्या समोर काच बसविलेली असे आणि खालची बाजू उघडी असे. होडीतील सोबती हातपंपाने एका लांब नळीवाटे शिरस्त्राणात सतत हवा सोडीत. हवेच्या दाबामुळे पाणी हनुवटीच्या वर चढत नसे. ही गोष्ट तुम्हांस घरीही पडताळून पाहता येईल. रिकामा पेला पालथा करून बादलीतल्या पाण्यात सरळ खाली दाबा. आतील हवा पाण्याला पेला भरू देत नाही. मात्र पेला तिरपा केला, की बुडबुडे निघतात आणि पाणी आत शिरते. शिरस्त्राणाचेही तसेच. पाणबुड्या अधिक वाकला वा तोल जाऊन पडला, तर पाणी थेट नाकातोंडाशी यावयाचे. शिवाय, वरील पंप क्षणभरही थांबून चालत नसे. खाली चालणाऱ्याचा जीव वरच्या मित्राच्या हातांत असे.

अशा रीतीने तळाशी उतरून लाँगले शांतपणे उभे राहत. प्रथम मासे भिऊन दूर पळत. परंतु हा नवा प्राणी झडप घालीत नाही, असे दिसताच ते हळूहळू परत येत आणि आपापल्या उद्योगाला लागत. लाँगले त्यांच्या सवयी आणि रंग बारकाईने टिपून ठेवीत. एकच मासा पांढऱ्या वाळूवर फिकट दिसतो, आणि शेवाळात शिरला की गडद होतो, अशा गोष्टी त्यांनी पुनःपुन्हा पाहिल्या. माशाचे रंग भोवतालच्या रंगांशी जुळते असतात, असे त्यांचे मत बनत चालले. पण ज्यांनी सागरतळ पाहिला नाही, त्यांना ते पटवून कसे द्यावयाचे? शब्द कितीही चांगले असले, तरी ऐकणाऱ्याला पुरावा हवा असतो. हा पुरावा छायाचित्राखेरीज दुसरा कोणता असणार?

पाण्याखाली छायाचित्रे घेण्याचे प्रयत्न त्यापूर्वी झाले नव्हते असे नाही. इ. स. १८९३ मध्ये लुई बूताँ या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रात बुडी मारून छायाचित्रे घेतली. त्याचा कॅमेरा पाणी न शिरणाऱ्या पेटीत बसविलेला होता. आरंभी नुसत्या सूर्यप्रकाशात एका चित्रासाठी त्याला अर्धा अर्धा तास थांबावे लागे. पुढे १९१४ साली जॉन अर्नेस्ट विल्यमसन याने बहामा बेटांजवळ निराळीच युक्ती योजली. जहाजाखाली एक लवचीक लोखंडी नळी सोडून तिच्या टोकाला त्याने जाड काचेची खिडकी असलेली एक कोठडी जोडली. या कोठडीत कोरड्या कपड्यांनिशी बसून त्याने समुद्राखालचे चलचित्र घेतले. स्वतः लाँगले यांनीही पाण्याखाली उत्तम छायाचित्रे काढली होती. परंतु ही सारी चित्रे काळ्या-पांढऱ्या रंगांत होती. रंगांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर रंगहीन चित्र कसे देणार?

रंगीत छायाचित्राची कला तेव्हा बाल्यावस्थेत होती. फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंनी १९०७ साली ‘ऑटोक्रोम’ नावाच्या काचा विक्रीस आणल्या होत्या. या काचांची कृती मोठी गमतीची आहे. बटाट्याच्या पिठाचे अतिसूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगांत रंगवून ते काचेवर एका थरात पसरीत, आणि त्यावर प्रकाशाने बदलणाऱ्या रसायनाचा लेप देत. प्रकाश या लक्षावधी रंगीत कणांतून गाळून रसायनावर पडे. काच तयार झाल्यावर उजेडासमोर धरली, की मूळ दृश्य नैसर्गिक रंगांत दिसे. बटाट्याच्या पिठातून इंद्रधनुष्य उमटावे, ही केवढी नवलाची गोष्ट!

मात्र या काचांत एक मोठा दोष होता. त्यांना प्रकाश फार लागे. लख्ख उन्हातही एक-दोन सेकंद, कधी त्याहून अधिक वेळ कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवावी लागे. माणूस तेवढा वेळ निश्चल बसेल. पण मासा बसेल काय? त्यात पाण्याखाली आणखी एक अडचण. सूर्यप्रकाश पाण्यात शिरला, की तो क्षीण होत जातो. शिवाय त्यातील सगळे रंग सारख्या वेगाने नाहीसे होत नाहीत. प्रथम लाल रंग शोषला जातो, मग नारिंगी आणि पिवळा. निळा तेवढा खोलवर पोहोचतो. म्हणून खोल पाण्यात तांबडा मासाही काळपट दिसतो, आणि सारे दृश्य निळसर-हिरव्या पडद्याआड गेल्यासारखे वाटते. खरे रंग टिपावयाचे, तर सूर्यावर विसंबून भागणार नव्हते. स्वतःचा सूर्य बरोबर न्यावा लागणार होता.

या कामी लाँगले यांना जोडीदार मिळाला. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ या सचित्र मासिकाच्या छायाचित्रशाळेचे प्रमुख चार्ल्स मार्टिन हे १९२६ साली टोर्टुगासला आले. एक सागरी जीवांचा जाणकार, तर दुसरा कॅमेऱ्याचा कसबी कारागीर. कामाची वाटणी ठरली. मार्टिन यांनी ऑटोक्रोम काचांवर विशेष रासायनिक प्रक्रिया करून त्यांना प्रकाशाबद्दल अधिक संवेदनशील बनविले. त्यामुळे एका सेकंदाच्या विसाव्या भागात चित्र घेणे शक्य झाले. कॅमेरा पितळी पेटीत घट्ट बंद करण्यात आला. या पेटीला समोर काच असून आतील कळी बाहेरून फिरविता येत असे.

आता राहिला प्रकाश. मॅग्नेशियम धातूची भुकटी पेटविली, की डोळे दिपविणारा शुभ्र उजेड पडतो. पण पाण्याखाली ती पेटावी कशी? त्यावर तोड निघाली ती अशी: पाण्याच्या पृष्ठभागावर एक तराफा तरंगत ठेवावा. त्यावर भुकटी ठेवून वर एक मोठा परावर्तक बसवावा, म्हणजे उजेड आकाशात वाया न जाता खाली पाण्यात पडेल. तराफ्यावरील विजेच्या घटापासून खालच्या कॅमेऱ्यापर्यंत तारा आणाव्यात. कॅमेऱ्याची झडप उघडताच विजेचा प्रवाह सुरू होऊन भुकटी पेटावी, आणि त्याच क्षणी चित्र टिपले जावे. एका चित्रासाठी कधी कधी एक पौंड, म्हणजे जवळजवळ अर्धा किलो भुकटी लागे. तिच्या स्फोटाचा उजेड सुमारे १५ फूट खोलीपर्यंतचा तळ लख्ख उजळून टाकी.

वाचताना हे सोपे वाटते. प्रत्यक्षात मात्र दोघांच्याही धीराची कसोटी लागली. शिरस्त्राण घालून तळाशी उभे राहावयाचे, लाटांच्या ओढीत तोल सावरावयाचा, कॅमेरा स्थिर ठेवावयाचा, वर तराफा बरोबर जागी आहे ना हे पाहावयाचे, आणि मासा योग्य अंतरावर येईपर्यंत वाट पाहावयाची! पाणी अंतराविषयीही डोळ्यांना फसविते. चार हातांवरचा मासा तीन हातांवर आहे असे भासते. शिवाय स्फोटाच्या धमाक्याने आणि झगमगाटाने मासे घाबरून दूर पळत. एक चित्र घेतले, की पुन्हा सारी तयारी करावी लागे: तराफ्यावर नवी भुकटी, कॅमेऱ्यात नवी काच, आणि पुन्हा माशांची आराधना.

मॅग्नेशियमची भुकटी जितकी तेजस्वी, तितकीच घातकी असते. एकदा थोडीशी भुकटी अवेळीच पेटली आणि लाँगले गंभीर भाजले. हा प्रसंग त्यांच्या जिवावरही बेतला असता. काही दिवस त्यांना काम सोडून पडून राहावे लागले. एखाद्याने अशा वेळी हात टेकले असते आणि सुट्टी संपवून घरची वाट धरली असती. लाँगले यांनी तसे केले नाही. बरे वाटताच ते पुन्हा पाण्यात उतरले.

शेवटी यश आले. प्रवाळखडकाजवळ फिरणारा एक मासा त्या क्षणिक उजेडात काचेवर उमटला. त्यास इंग्रजीत ‘हॉगफिश’, म्हणजे ‘डुक्करमासा’, म्हणतात. कारण तो आपले लांब तोंड डुकराप्रमाणे वाळूत खुपसून भक्ष्य शोधतो. नाव काही फार गोंडस नाही. पण सागरतळीच्या रंगीत चित्रांच्या इतिहासात पहिला मान त्याला मिळाला. ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या जानेवारी १९२७ च्या अंकात ही चित्रे प्रसिद्ध झाली. ज्यांनी आयुष्यात कधी समुद्रही पाहिला नव्हता, अशा असंख्य वाचकांनी घरबसल्या त्याच्या तळाचे रंग पाहिले.

लाँगले यांनी त्यानंतरही अभ्यास सोडला नाही. टोर्टुगासच्या माशांची संपूर्ण सूची तयार करण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते. परंतु ते पुरे होण्यापूर्वीच १९३७ साली त्यांचे निधन झाले. सॅम्युएल हिल्डेब्रँड या मत्स्यशास्त्रज्ञाने ते काम तडीस नेले आणि १९४१ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळा तर त्यापूर्वीच, १९३९ साली, बंद पडली होती. १९९२ साली टोर्टुगास बेटांना आणि भोवतीच्या समुद्राला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

आज पाण्याखाली छायाचित्र घेणे पूर्वीसारखे दुर्घट राहिलेले नाही. मुठीत मावणारा कॅमेरा घेऊन, तोंडावर काचेचा मुखवटा चढवून, सुट्टीतला प्रवासी अंदमान, लक्षद्वीप किंवा मालवणच्या समुद्रात उतरतो आणि थोड्याच वेळात पन्नास चित्रे काढून परततो. स्फोटक भुकटी नको, तराफा नको, बटाट्याच्या पिठाच्या काचाही नकोत. साधने सोपी झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ज्यांची चित्रे काढावयाची, त्या पोवळ्यांची स्थिती मात्र त्या मानाने फार कठीण झाली आहे.

पोवळ्याच्या प्राण्यांच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ वस्तीला असते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करून पोवळ्यास देते, आणि पोवळ्याचे बरेचसे रंगही त्याचेच असतात. पाणी नेहमीपेक्षा फार तापले व बराच काळ तसेच राहिले, तर ही जोडी फुटते. शेवाळ निघून जाते आणि पोवळे हाडासारखे पांढरे पडते. पाणी लवकर निवले, तर ते सावरते. नाही तर उपासमारीने मरते. आपल्या लक्षद्वीपच्या पोवळ्यांवर १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षी हे संकट कोसळले. फ्लोरिडाच्या समुद्रात २०२३ च्या उन्हाळ्यात पाणी कित्येक आठवडे असाधारण तापून राहिले. सांबराच्या शिंगांसारख्या फांद्या असलेली दोन जातींची पोवळी पूर्वी तेथे खडकांचा मोठा भाग उभारीत असत. त्या उन्हाळ्यात टोर्टुगासच्या परिसरातील या पोवळ्यांपैकी जवळजवळ सर्व मरून गेली. ज्या समुद्रात लाँगले चालले, त्या समुद्राचे एक मोठे वैभव अशा रीतीने एका उन्हाळ्यात हरपले.

अशा वेळी जुन्या छायाचित्रांचे मोल लक्षात येते. चित्र घेणाऱ्यांना त्या वेळी एवढेच वाटले असेल, की आपण माशांच्या रंगांचा पुरावा गोळा करीत आहोत. परंतु आज अशी जुनी चित्रे दुसऱ्याच गोष्टीची साक्ष देतात. समुद्र पूर्वी कसा होता, हे ती सांगतात. काय होते हे ठाऊक असल्याशिवाय काय गेले हे कळत नाही. आणि काय गेले हे कळल्याशिवाय ते परत आणण्याची तळमळही लागत नाही. म्हणूनच शास्त्रज्ञ आता एकाच खडकाची छायाचित्रे वर्षानुवर्षे घेतात आणि ती शेजारी ठेवून पोवळी वाढली की घटली, ते मोजतात. तारीख आणि ठिकाण नीट लिहून ठेवलेले साधे चित्रही या कामी उपयोगी पडते.

मालवणच्या किनाऱ्यालगतचा काही समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे. सिंधुदुर्गाच्या आसपासच्या पाण्यातही पोवळी आहेत. भारतातील पोवळ्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याने अभय दिले आहे. ती तोडणे वा घरी आणणे हा गुन्हा आहे. परंतु कायदा पाण्याखाली प्रत्येकाच्या मागे फिरू शकत नाही. चांगल्या चित्राच्या लोभाने कोणी पोवळ्यावर उभा राहतो, कोणी मासा बाहेर यावा म्हणून कपारीत काठी खुपसतो. गोलाकार खडकासारखी पोवळी वर्षाला जेमतेम बोटाच्या पेराहून कमी वाढतात. पायाच्या एका धक्क्याने मोडलेला तुकडा पुन्हा तेवढा व्हावयास कित्येक वर्षे लागतात. तो धक्का देणारा प्रवासी मात्र संध्याकाळपर्यंत सारे विसरून गेलेला असतो.

तुम्हीही पुढे केव्हा तरी कॅमेरा घेऊन प्रवासाला निघाल. समुद्रावर जाल, रानात जाल, डोंगर चढाल. तेव्हा ध्यानात असू द्या, की उत्तम चित्राची पहिली अट महागडा कॅमेरा ही नव्हे. निश्चल उभे राहण्याची शक्ती, पाहण्याची जिज्ञासा आणि ज्याचे चित्र घ्यावयाचे त्याविषयी आदर, हे गुण त्याहून मोलाचे आहेत. मासे आपण होऊन परत येईपर्यंत लाँगले थांबले. जो असा थांबू शकतो, त्यालाच समुद्र आपले रंग दाखवितो. आणि त्याने काढलेले चित्र पुढच्या पिढीच्याही उपयोगी पडते.

शब्दार्थ

शिरस्त्राण – डोक्याचे रक्षण करणारे आवरण
पाणबुड्या – पाण्यात बुडी मारून तळाशी काम करणारा
प्रवाळ – पोवळे
द्वीपकल्प – तीन बाजूंनी पाणी असलेला भूभाग
परावर्तक – प्रकाश उलट फेकणारे साधन
तराफा – लाकडे वा पिंपे बांधून केलेले तरंगते साधन
दुर्घट – करण्यास अत्यंत कठीण
अभय – भीतीपासून मुक्तता, संरक्षण

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) टोर्टुगास बेटांच्या नावामागे ‘ड्राय’ हा शब्द का जोडला गेला?
(आ) काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांनी लाँगले यांचे समाधान का झाले नाही?
(इ) खोल पाण्यात तांबडा मासा काळपट का दिसतो?
(ई) पोवळी पांढरी केव्हा पडतात?

२. पुढील प्रश्नांची सात-आठ ओळींत उत्तरे लिहा.
(अ) सागरतळी प्रकाश पाडण्यासाठी कोणती युक्ती योजण्यात आली?
(आ) लाँगले यांचे कोणते गुण या पाठातून दिसतात? प्रत्येक गुणासाठी पाठातील एक प्रसंग सांगा.
(इ) जुनी छायाचित्रे आज कोणत्या गोष्टीची साक्ष देतात, आणि त्या साक्षीचा उपयोग काय?

३. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
हात टेकणे, जिवावर बेतणे, कसोटी लागणे, तडीस नेणे, वाट धरणे.

४. पुढील सामासिक शब्दांचा विग्रह करा.
शंखशिंपले, सागरतळ, प्रयोगशाळा, नाकतोंड.

५. तुमच्या गावातील नदी, तळे, टेकडी किंवा एखादे मोठे झाड निवडा. तेथील वडीलधाऱ्यांना विचारून ते पूर्वी कसे होते याची माहिती मिळवा. जुने छायाचित्र मिळाल्यास ते पाहा. आज तीच जागा कशी दिसते, याचे तारीख घालून वर्णन लिहा आणि ते वर्गात जपून ठेवा.